ताडकळसची टकटक

माझ्या दुकानात माणूस शिरला की आधी माझ्याकडं बघतो, मग माझ्या पाठीमागं बघतो. इंजिनिअर मागं कुठंतरी बसला असेल असं त्याला वाटतं. मागं भिंत आहे आणि भिंतीवर कॅलेंडर आहे. मग तो विचारतो, "साहेब कधी येतील?" मी म्हणते, "साहेब आलेत. बसा." परभणीत बसस्टँडजवळच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करता करता माझे केस पांढरे झाले, तरी हा प्रसंग अजून घडतोच. पूर्वी राग यायचा. आता मी त्या माणसाला चहा मागवते आणि त्याच्यासमोरच डबा उघडून बसते. अर्धा चहा होईपर्यंत साहेबांची चौकशी बंद होते.

डबा म्हणजे कॉम्प्युटरचा तो उभा पत्र्याचा खोका. त्याच्या पोटात काय काय सापडतं हे सांगितलं तर तुम्हाला पटायचं नाही. जिंतूरला जिनिंगच्या शेजारी राहणाऱ्या एका शेटजींच्या डब्यात इतका कापूस निघाला, की उशी भरून झाली असती. वर शेटजीच मला विचारतात, "एवढा गरम काहून होतो हो हा?" पिंगळीचे एक गृहस्थ बंद पडलेली हार्डडिस्क फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून, बर्फासकट जेवणाच्या डब्यात घालून रेल्वेनं घेऊन आले. भाच्यानं कुठंतरी बघितलं होतं की थंड केली की डिस्क चालू होते. माझ्या टेबलावर पाण्याचं थारोळं झालं. डिस्क काही वाचली नाही, पण भाच्याची आठवण अजून निघते.

आणि दसरा! दसऱ्यानंतरचा आठवडा म्हणजे माझा सुगीचा. आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा. विळा, कुऱ्हाड, पान्हे, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, तसा आता कॉम्प्युटरही. पूजा कशी, तर हळदीकुंकू थेट पंख्याच्या जाळीत. अक्षता आत, झेंडूच्या पाकळ्या आत, आणि एखादा फारच भाविक असेल तर पळीभर पाणीसुद्धा. मी दरवर्षी सांगते की बाबांनो, मॉनिटरला कुंकू लावा, डब्याला सोडा. ऐकतो कोण?

आता जी गोष्ट सांगायची आहे तीही खंडेनवमीचीच. पण तिच्यात कुंकवाचा काही दोष नव्हता, उलट त्या पूजेनंच माझी अक्कल ठिकाणावर आणली.

आधी हार्डडिस्क म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढं अडायला नको. जुन्या ग्रामोफोनची तबकडी आठवा. तशीच चकचकीत तबकडी एका बंद डबीत भन्नाट वेगानं फिरत असते आणि तिच्यावर एक इवलीशी दांडी इकडून तिकडं धावते. फरक इतकाच, की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, ही दांडी टेकत नाही. केसाहूनही कमी अंतरावर हवेत तरंगते. टेकली तर तबकडी खरवडते आणि त्या जागचं सगळं गेलं, मग ते लग्नाचे फोटो असोत की सातबारा.

आजारी डिस्क टकटक करते. दांडीला आपली जागा सापडत नाही, ती परत मागं जाते, पुन्हा शोधते. टक. टक. टक. पण हाच आवाज चांगली डिस्कही करते. मधेच वीज कमी पडली तर दांडी घाबरून आपल्या थांब्यावर पळते, तेव्हाही टक. म्हणजे आवाज एकच, दुखणी दोन. एकात डिस्क मरायला टेकलेली असते, दुसऱ्यात ती बिचारी नुसती उपाशी असते. ओळखायचं कसं? ह्यातच आमच्या धंद्याची सगळी गंमत आहे, आणि सगळा घोरही.

घटस्थापना होऊन दोन-चार दिवस झाले असतील. एक काकू बाजेच्या चादरीत गुंडाळलेला डबा छातीशी धरून दुकानात आल्या. ताडकळसहून एसटीनं आल्या होत्या. गाडीत त्यांनी डबा खाली ठेवला नव्हता, मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनीही माझ्याकडं बघितलं, पण मागं बघितलं नाही. म्हणाल्या, "तुमीच का माय त्या कंप्युटरवाल्या? बरं झालं. बाईमाणसाला सांगायला बरं."

त्यांचं नाव प्रयागकाकू. त्यांचे यजमान शाळेत गुरुजी होते, निवृत्त झाले आणि नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात वारले. गुरुजी गाणी करायचे आणि स्वतःच म्हणायचे. बाबासाहेबांवरची, शाळेवरची. एक गाणं आपल्या आईवर, तिनं म्हातारपणी अंगठा सोडून सही केली त्या दिवसाचं. मोबाइलवर आवाज चिरका येतो म्हणून त्यांनी हौसेनं माइक आणला आणि घरच्या कॉम्प्युटरवर सगळी गाणी भरून ठेवली. पुण्याच्या लेकीला पाठवतो म्हणायचे, ते राहूनच गेलं. आता दसऱ्याला, म्हणजे अशोक विजयादशमीला, गावच्या विहारात कार्यक्रम होता आणि गुरुजींची गाणी भोंग्यावर लावायची असं ठरलं होतं. आणि नेमका आताच कॉम्प्युटर टकटक करायला लागला होता.

"टकटक करतो आन् अडकून बसतो," काकू म्हणाल्या. "मी रोज सांजच्याला चालू करून बगते, गाणी हायेत का न्हाईत. हायेत बगितलं की बंद करते."

"ऐकत नाही?"

"न्हाई."

मी डबा जोडला, चालू केला. काय सांगू! एक टक नाही. दुपारभर चालवला, पाव्हण्यासारखा शहाण्यावानी चालला. डिस्कची तब्येत बघायचा एक प्रोग्रॅम असतो, त्यानं सांगितलं की थोडी जागा खराब झाली आहे, जपा. बस्स. मी म्हटलं, "काकू, कारण सापडेल तेव्हा सापडेल. आधी गाण्यांची कॉपी करून घेऊ."

काकूंचा चेहराच बदलला. "कॉपी? अवं, गुरुजींनी जन्मभर पोरांच्या बाह्यातून चिठ्ठ्या काढल्या. परीक्षेला खिडकीवर चढलेल्या पावण्यारावळ्यांना छडी घेऊन हाकललं. आन् तुमी त्यांच्याच गाण्याची कॉपी करू मनता?"

मला हसू आवरेना. त्याही हसल्या. पण त्यांचा हात डब्यावरून हलला नव्हता, ते मी बघितलं. मग त्या हळू आवाजात बोलल्या, "तसं न्हाई ताई. कॉपी करायची मंजे तुमी ऐकणार. मीच अजून ऐकलं न्हाई त्यांच्या माघारी. एकटीला ऐकवत न्हाई. विहारात सगळ्यांसंगट ऐकीन मनून धरून ठेवलंय."

मी समजावलं की कॉपी करायला ऐकावं लागत नाही. पोतं न सोडता या खोलीतून त्या खोलीत ठेवतो, तसं ते असतं. पण त्यांना ते पटेना. दसरा होऊ द्या म्हणाल्या. माणूस जाऊन वर्ष झालेलं नाही, कुठं जोर करायचा? मी विचारलं, "यूपीएस आहे ना घरी?" त्या म्हणाल्या, "हाय की, टेबलाखाली." आणि चादरीत डबा गुंडाळून निघून गेल्या.

संध्याकाळी त्यांचा फोन. "ताई, ऐका." त्यांनी मोबाइल डब्याला लावला होता. टक... टक... आणि मागं काहीतरी धडधड. धडधड फोनची असेल म्हणून मी सोडून दिली. तिसऱ्या दिवशीच्या एसटीनं त्या पुन्हा हजर. मी केबल बदलली, पुन्हा दुपारभर चालवला. पुन्हा ठणठणीत! सासरी गेली की आजारी आणि माहेरी आली की धडधाकट, अशा सुनेसारखं त्या डिस्कचं चाललं होतं. मला तर रात्रंदिवस तेच. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "वरण वाढू का?" मी म्हटलं, "केबल तर बदलली." घरच्यांनी माझा नाद सोडला.

काकूंना मी बजावलं होतं, आता अजिबात चालू करू नका, एकदम विहारातच लावू. आजारी माणसाला 'हाय का गेलं' बघायला सारखं हलवून उठवायचं नसतं. त्या हो म्हणाल्या. पण ऐकतायत कशाच्या?

खंडेनवमीची सकाळ. माझे सगळे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, मीटर देवापुढं पाटावर मांडलेले, वर झेंडू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. मी निवांत बसले होते, तर फोन. "ताई, रागावू नका. चालू केलता मी. पण आज टकटक न्हाई. सकाळपसून गुमान चालायलाय."

"सकाळपासून? बंद नाही केला?"

"चालायलाय मनून ऱ्हाऊ दिला. जिवाला बरं वाटायलंय."

मी सावरून बसले. ताडकळसमध्येच, त्यांच्याच घरात, तोच डबा, आणि टकटक नाही! मग आज वेगळं काय आहे? मी विचारलं, घरात काही बदललं का? टेबल हलवला? दुसरीकडं पिन लावली? पाहुणे आले? सगळ्याला नाही. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, "काईच न्हाई वो. आज तर लय सामसूम हाय. शेजारी दत्तूभाऊच्या गिरणीची पूजा हाय, माणसं निस्तं खोबरं घेऊन चाललेत."

"गिरणी? कुठं आहे गिरणी?"

"भितीला भित हाय. पिठाची."

"आणि आज ती बंद आहे?"

"आज कशी चालू असंल माय? खंडेनवमी हाय ना त्यांची."

काकूंचं घर बौद्धांचं, त्यांना खंडेनवमी नाही, म्हणून त्यांचा कॉम्प्युटर चालू. दत्तूभाऊंना आहे, म्हणून त्यांची गिरणी बंद. अख्ख्या वर्षात हा एकच दिवस असा! मी विचारलं, "काकू, गिरणी चालू झाली की घरातला दिवा कमी होतो का?" त्या म्हणाल्या, "होतो की, डोळा मारल्यावानी. ते तर रोजचंच हाय." इतक्या वर्षांच्या धंद्यात मला कळलेली गोष्ट ही, की माणूस रोजचं कधी सांगत नाही. विचारावं लागतं, आणि काय विचारायचं ते आपल्यालाही ठाऊक नसतं.

गिरणीची मोटर सुरू होताना आजूबाजूची वीज ओढून घेते. डब्यात वीज वाटून देणारी एक पेटी असते, काकूंच्या डब्यातली ती म्हातारी झालेली. तिला तेवढा झटका पेलत नव्हता. डिस्क उपाशी राहायची, दांडी पळायची, टक. आणि काकू डबा चालू करायच्या ती दळणाच्या गर्दीची, सांजेचीच वेळ. असं रोज होऊन होऊन चांगली डिस्क खरंच आजारी पडत चालली होती.

"काकू, बंद करू नका, हात लावू नका, मी येते," म्हणून मी उठले. सासूबाई दारात. "आज हत्यार उचलायचं न्हाई." मी म्हटलं, "नाही उचलत. रिकामी डिस्क आणि केबल नेते. केबल काही हत्यार नाही." त्या विचारात पडल्या, तेवढ्यात माझी स्कूटी निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीनची मळणी चाललेली, धुरळा डोळ्यात जात होता, पण माझ्या डोक्यात फक्त धडधड. फोनमधली ती धडधड! तेव्हाच कान उघडे ठेवायला काय झालं होतं मला?

घरात शिरल्याबरोबर टेबलाखाली बघितलं. यूपीएस होता खरा. त्याच्यावर मनीप्लँटची बाटली होती आणि कॉम्प्युटरची पिन सरळ भिंतीत. बॅटरी गेल्यावर गुरुजींनीच तशी लावली होती म्हणे.

मी काकूंना समोर बसवलं. "आता ऐका. ही डिस्क आता खरंच अशक्त झाली आहे. आज गिरणी बंद आहे, आज वाचेल. उद्या विहारात नेऊन लावली आणि तिथं अडकली, तर गुरुजींचा आवाज पुन्हा कुणालाच ऐकू येणार नाही. मी एकही गाणं उघडणार नाही. शब्द देते." काकूंनी खुर्ची डब्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "करा कॉपी. गुरुजी असते तर छडीच मारली असती," आणि पदरानं डोळे पुसले.

आजारी डिस्कवरून माल काढायचा म्हणजे मुंगीच्या पावलानं. हिरवी पट्टी सरकते की नाही तेही कळत नाही. अर्ध्याच्या पुढं गेली असेल, तोच भिंतीपलीकडं माणसांचा आवाज आला, पत्र्याचं दार उघडल्याचा आवाज आला. काकू खिडकीतून बघून म्हणाल्या, "उद्याच्या भोजनाचा गहू आलाय विहाराचा. दत्तूभाऊ चालू करायलाय वाटतं."

मी अनवाणी पळाले. आत दत्तूभाऊ, कपाळाला भलामोठा गंध, हात मोटरच्या हिरव्या बटणावर. "थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की गव्हाचं पोतं धरलेला माणूस पोतं सोडून बाजूला झाला.

"काय झालं बाई? करंट लागला का कुणाला?"

"गिरणी चालू करू नका. थोडा वेळ. पाया पडते."

"अवं, आज तर मी दळतच न्हाई कुणाचं. पण विहाराचं काम हाय, पूजा झालेली हाय, पुण्य लागंल मनून चालू करायलोय. आन् तुमी कोण?"

मी एका दमात सगळं सांगितलं. वीज, डिस्क, गुरुजींची गाणी. त्यांना किती कळलं देव जाणे. 'गुरुजी' हा शब्द आला तसा त्यांचा हात बटणावरून खाली आला. ते पोत्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ऱ्हाऊ द्या मग," इतकंच म्हणाले. "झालं की आवाज द्या."

मी परत आले. पट्टी सरकत होती. सरकली, अडली, पुन्हा सरकली. काकू देव्हाऱ्यासमोर बसावं तशा त्या पट्टीसमोर बसल्या होत्या. शेवटी संपलं. सगळ्या फाइली आल्या, पण आल्या म्हणजे उघडतात असं नसतं, एक तरी वाजवून बघावी लागते. आणि मी तर शब्द दिलेला. मी हेडफोन काकूंच्या कानाला लावला. "मी नाही ऐकत. तुम्हीच ऐका, आणि नीट आहे का सांगा."

त्यांनी डोळे मिटले. मी बटण दाबलं. आयुष्यात मी शेकडो फाइली तपासल्या असतील, माणसाच्या चेहऱ्यावरून ही एकच. आधी ओठ थरथरले. मग धारा लागल्या. मी घाबरून बंद करणार, तोच काकू खुदकन हसल्या. चक्क हसल्या, गिरणीच्या भिंतीकडं बघून. हेडफोन काढून म्हणाल्या, "हाय. चांगलं हाय." का हसल्या ते सांगितलं नाही. मी गिरणीत जाऊन दत्तूभाऊंना आवाज दिला. गिरणी सुरू झाली, घरातल्या बल्बनं डोळा मारला. डबा तेव्हा बंद होता.

डब्यातली वीजपेटी मी दसऱ्यानंतर बदलली, यूपीएसला बॅटरी घातली, मनीप्लँट खिडकीत गेला. आता नव्या डिस्का येतात त्यांच्यात तबकडीही नाही आणि दांडीही नाही. जायच्या आधी टक म्हणत नाहीत, मुक्यानं जातात. त्या चांगल्याच आहेत, पण मला करमत नाही. कान लावून बसायचं ते सुख गेलं.

विजयादशमीला काकूंनी मला जेवायला बोलावलं होतं. विहारात पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, वंदना झाली, आणि भोंग्यावर गुरुजी सुरू झाले. आईच्या सहीचं गाणं. आवाज भरदार, थोडा खरखरीत. काकू पुढं बसल्या होत्या, दोन्ही बाजूंनी बायकांनी त्यांचे हात धरलेले. पीठ पोचवायला आलेले दत्तूभाऊ दारातच खांबाला टेकून उभे होते.

दुसरं कडवं सुरू झालं आणि गाण्याच्या मागं धडधड ऐकू यायला लागली. मी दचकले, पहिल्यांदा वाटलं डिस्कच गेली. पण ती धडधड गाण्यातलीच होती. गुरुजी थांबले. मग भोंग्यातून, गाण्याच्या नाही तर साध्या घरच्या आवाजात हाक आली, "दत्तू! अरे पाच मिनिटं थांबव की गिरणी. एकच कडवं राहिलंय."

सगळा विहार दाराकडं वळला. दत्तूभाऊ खांबापासून सरळ झाले होते. टोपी हातात आली होती.

"थांबवली, गुरुजी," ते म्हणाले.

आणि भोंग्यातली धडधड हळूहळू कमी होत गेली, बंद झाली. गुरुजींनी घसा साफ केला आणि राहिलेलं कडवं घेतलं.